दवाखान्यात ‘येते’ म्हणत नाहीत

फुकट, झटपट आणि वर गोड बोलणं, हे एकत्र आलं की मला फसवणुकीचा वास येतो. पालेगावच्या त्या दवाखान्यात तिन्ही होतं.

नवरा गेल्याला वर्ष झालं होतं. सासरच्यांनी टीबी सांगितला होता, माझा तेव्हाही पूर्ण विश्वास बसला नव्हता. मग मलाच ताप धरून बसला. मी राहते त्या बेलवलीत सगळे ओळखीचे, म्हणून आनंदनगरच्या कंपनीतून ड्युटी सुटल्यावर तोंडाला स्कार्फ बांधून परस्पर तिकडे गेले.

बोटाला सुई टोचली आणि थोड्याच वेळात समुपदेशक बाईंनी आत बोलावलं. एचआयव्ही आहे म्हणाल्या. खात्रीसाठी वेगवेगळ्या किटवर तीनदा तपासलं होतं म्हणे. मला वाटलं, पहिल्यांदा चुकलं असणार, म्हणून तर पुन्हा केलं. उल्हासनगरच्या लॅबवाल्याला साधी शुगर सांगायला संध्याकाळ लागते, आणि इथे माझं अख्खं आयुष्य सांगून हे मोकळे. वर गोळ्या आजच सुरू करायच्या.

उद्या बघू, म्हणाले, घरी विचारून सांगते. घरी विचारायला कोणी नव्हतंच.

“उद्या तुम्ही फिरकणार नाही, ताई,” बाई शांतपणे म्हणाल्या.

मला संताप आला, कारण मी खरंच जाणार नव्हते. नवराही तपासणी उद्यावर ढकलत राहिला होता. शेवटी त्याला उचलून न्यावं लागलं.

त्यांनी दिलेली गोळ्यांची बाटली पर्समध्ये कोंबली आणि निघाले. घेणार की कचऱ्यात टाकणार, माझं मलाच माहीत नव्हतं. दारात बाईंनी अडवलं.

“नुसत्या निघालात? ‘येते’ म्हणा.”

“दवाखान्यात म्हणत नाहीत.” पुन्हा पायरी चढावी लागू नये म्हणून आई आम्हाला दवाखान्यातून मुकाट बाहेर काढायची.

“इथे म्हणायचं. येत राहिलात तर जगाल.”

मी भिंतीकडे तोंड करून रडले. मला मरायचं नव्हतं. मग बाटली उलटसुलट करून सील तपासलं, आणि पहिली गोळी त्यांच्यासमोरच गिळली.

आजही सील बघितल्याशिवाय मी बाटली घेत नाही. बाईंना राग येत असावा. निघताना मात्र न चुकता ‘येते’ म्हणते. त्या दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघतात, खरंच येणार का म्हणून.