पॅगोडाच्या तळ्यावर धुतलेले पाय

१८ फेब्रुवारी १९४६. साताऱ्याच्या दवाखान्यात मी बँडेजच्या गुंडाळ्या करत बसले होते. लढाई संपली होती, कापडाची टंचाई संपली नव्हती. वापरलेली बँडेजं उकळायची, वाळवायची आणि पुन्हा गुंडाळायची. दोनेक डझन झाली असतील, तेवढ्यात व्हरांड्यात कुबड्या वाजल्या.

"शिस्टरबाई, वळखलं का?"

ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, पायावरून. डावा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापलेला होता. तो कापला तेव्हा मी टेबलाशी ट्रे धरून उभी होते.

"बस, गणपा. पाणी देऊ?"

"पानी नगं. एक कागूद पायजे."

गणपा शिराळ्याकडचा. ब्रह्मदेशात शिपाई होता, मी तिथल्या मिलिटरी हॉस्पिटलात सिस्टर होते. पाय गेलेल्या शिपायांना पुण्यात सरकारी पाय बसवून देतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. घोट्यात वाकणारा, वर बूट घालता येणारा. पण गणपाच्या कागदावर शेरा होता: हुकूम मोडून, स्वतःच्या निष्काळजीपणाने इजा. असा शेरा असला की पाय मिळत नाही. तो शेरा माझ्या रिपोर्टावरून आला होता.

"कुबड्यांवर बरा फिरतोस की," मी म्हणाले.

"फिरतुया. पर नांगर कसा धरू? दोनी हात कुबड्यांतच गुतल्यात. थोरला भाऊ म्हनतोय, तू आता गुरं राख." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तुमी माजी बाजू घिऊ नगा. निस्तं खरं ल्हिवा."

खरं काय होतं ते सांगते.

आदल्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी, आमचं हॉस्पिटल मंडालेच्या दक्षिणेला तंबूंत होतं. बऱ्या होत आलेल्या पेशंटांना दुपारी ट्रकने फिरवून आणायची पद्धत होती. त्या दिवशी बाराजण होते, बहुतेक आपल्याकडचे. इनचार्ज मी. आमच्या मेजरची ऑर्डर तोंडपाठ होती: पायाला जखम असलेल्यांनी बूट काढायचे नाहीत, देवळाशी गेलं तर ट्रकमध्येच बसायचं. ऑर्डर फालतू नव्हती. लढाईच्या मुलखात माती आणि साचलेलं पाणी जखमेला फार वाईट.

वाटेत एक खेडं लागलं. घरं लाकडी खांबांवर, खाली डुकरं आणि हातमाग. प्रत्येक कुंपणाशी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाण्याचं मडकं आणि वर पळी. बायकांच्या गालांना झाडाच्या सालीचा पिवळट लेप, आणि तोंडात मनगटाएवढ्या जाड विड्या.

"आयला, बाया विड्या वढत्यात!"

"तुज्या बायकूला घिऊन जा की एक."

"नगं गड्या, मलाच चटके दिल."

सगळे हसले. गाव अर्धं जळालेलं होतं. कुणी जाळलं, जपान्यांनी की आपल्या तोफांनी, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जळक्या खांबांना टेकून बसलेल्या एका म्हातारीने आम्हाला मिठाचा चहा दिला. बारा कप तिच्याकडे नव्हते, म्हणून चार कप फिरवले.

गावाच्या टोकाला पॅगोडा होता. पॅगोडा म्हणजे भरीव घुमट, त्याच्या आत जाता येत नाही. भोवती फरशी, आणि शेजारी बुद्धाच्या मूर्तीचं देऊळ. चुन्याचा पांढरा रंग, त्यावर गोळ्यांचे खड्डे. समोर कमळांचं तळं, त्यात दोन म्हशी बसलेल्या.

"कान बगा केवढं देवाचं," दारातूनच मूर्तीकडे बघत एकजण कुजबुजला. "मास्तरनं लय वढल्यालं दिसत्यात."

"गप रं. पाप लागंल."

पायरीशी गावकऱ्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. मी बूट काढले, मोजे काढले, तळ्यावर गेले आणि पाय धुतले. विचार करून केलं नाही. आमच्या घरी देवदर्शनाला पाय धुतल्याशिवाय पायरी चढत नसत. औंधला यमाईच्या डोंगरावर चढून गेल्यावर आई आधी पाण्याकडे नेई, मग देवीकडे. एवढंच अंगात मुरलेलं होतं. माझं बघून सगळी मंडळी रांगेने तळ्यावर आली.

गणपा ट्रकच्या फळीवर बसून होता. त्याच्या डाव्या पावलात तोफेच्या गोळ्याचा तुकडा गेला होता. तुकडा काढून तीन आठवडे झाले होते, वर खपली धरली होती.

"बाई, मी हितंच बसू? देवाच्या दारात यून?"

"तुला ऑर्डर आहे."

"ऑर्डर सायबाची हाय. तुमी काय म्हनता?"

मी बँडेजकडे बघितलं. कोरडं होतं.

"जा. पण लवकर ये."

हे मी बोलले. पाण्यात जाऊ नको, हे बोलले नाही. त्याने बूट काढला, बँडेज भिजेल म्हणून तेही सोडलं, आणि बाकीच्यांसारखे पाय धुतले. नीट धुतले, टाचा घासून. पायरीवरून एक म्हातारा भिक्षू आमच्याकडे बघून हात हलवत होता. मला वाटलं, परक्यांना येऊ द्यायचं नाही म्हणतोय. मी हात जोडले. तो अजून जोरात हात हलवायला लागला. पुढे दुभाष्याकडून कळलं, त्यांच्याकडे चपला काढल्या की झालं, पाय धुवायची रीतच नाही. तो एवढंच सांगत होता की ते पाणी म्हशींचं आहे.

तिसऱ्या दिवशी पाऊल सुजलं. बोटाने दाबलं की कातडीखाली कुरकुर आवाज येत होता, पापड मोडावा तसा. याला आम्ही गॅस गँगरीन म्हणतो. जखमेत जंतू वाढतात, मांस सडतं आणि त्याची हवा आत भरते. वाट बघितली तर माणूस जातो. संध्याकाळी पाय कापला.

दुसऱ्या दिवशी मेजरने मला तंबूत बोलावलं.

"सिस्टर, याला बूट काढायला कोणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. परवानगी माझीच होती हे त्याने तेवढ्यावरून ताडलं आणि पेन उघडलं.

"तुम्ही ऑर्डर सांगितली होती ना?"

"हो, सर."

"मग त्याने ती मोडली. बरोबर?"

ऑर्डर मी सांगितली होती, हे खरंच होतं. म्हणून मी "हो" म्हणाले. त्याने लिहिलं, मी सही केली. त्या महिन्यात बढतीची नावं जायची होती. माझं नाव त्यात होतं. गणपा तेव्हा तापात होता, त्याला कुणी काही विचारलं नाही.

तर साताऱ्यात त्या दिवशी बँडेजची टोपली बाजूला सारून मी कागद घेतला आणि लिहिलं. परवानगी मी दिली. तळ्यावर पाय मी आधी धुतले. पाण्याचा धोका मी सांगितला नाही. खाली सही. सुट्टी टाकून तो कागद मी स्वतः शिपायांच्या कचेरीत नेला. तिथे एक रिटायर्ड सुभेदार बसत. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, हे तुमच्याच पहिल्या रिपोर्टाच्या उलट हाय."

"पहिला खोटा होता."

"मग खोटा का ल्हिवला?"

"भिऊन."

त्यांनी चष्मा काढला. "मी असले कागद लय बघितल्यात. हे वर जाईल. तुमच्या दवाखान्यालाबी कळवतील. अजून टाईम हाय, परत न्या."

"राहू द्या."

सात आठवड्यांनी उत्तर आलं. एकाच घटनेचे एकाच व्यक्तीने दोन जबाब दिले आहेत. पहिला घटनेच्या वेळचा, वरिष्ठासमोर दिलेला, तो ग्राह्य. दुसरा ओळखीतून दिलेला दिसतो, तो अग्राह्य. शेरा कायम.

त्याच दिवशी आमच्या डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. त्यांच्याकडे नक्कल आलेली होती.

"तुम्ही हे कशाला उकरून काढलंत? मेट्रनच्या जागेसाठी तुमचंच नाव पाठवलं होतं मी."

"आता?"

"आता कसं पाठवू? उद्या लोक विचारतील, या बाईंचा कुठला रिपोर्ट खरा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी चार्ट घेऊन वॉर्डात गेले.

दुपारी गणपा उत्तराची चौकशी करायला आला. मी उत्तर वाचून दाखवलं. माझ्या जागेचं बोलले नाही, तो त्याचा विषय नव्हता.

"म्हंजी मी खोटा न्हाई, तुमी खोट्या न्हाई, आन् पाय बी न्हाई," तो म्हणाला.

"होय."

"तवाच ल्हिवलं आसतं तर?"

"तर मिळाला असता."

त्याने मान हलवली. मला वाटलं होतं, "तुमी तरी काय करनार" असं काहीतरी म्हणेल. म्हणाला नाही. आमची धाकटी नर्स दारात होती, तिने चहा विचारला. त्याने तिला नको म्हटलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"रात्री कुठं राहणार?" मी विचारलं.

"मोटार गेली. हितंच वसरीला पडतो."

या धंद्यात नव्या आलेल्या मुलींना मी तेव्हापासून एकच गोष्ट सांगते. रिपोर्ट पहिल्यांदाच खरा लिहा. नंतर लिहिलेलं खरं हे नुसतं दुसरं ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याला ओसरीवर उठवलं. टेपने चांगल्या पायाचं गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, कापलेल्या पायाचा घेर घेतला, दोन्ही दोनदा. मग टांगा करून त्याला चाकं बनवणाऱ्या मिस्त्रींकडे नेलं. म्हातारे होते, बैलगाड्यांची चाकं करण्यात हयात गेलेली. वर गुडघा टेकायला खोलगट वाटी, आत कापूस, मांडीला बांधायला पट्टे, हे मी त्यांना जमिनीवर कोळशाने काढून दाखवलं.

"खाली टोक काढू?" त्यांनी विचारलं.

"टोक नको, चाचा. नांगरटीत रुतेल. बशीएवढी चकती लावा."

"आनि ह्येला सरकारी पाय न्हाई का मिळत? लढाईवरचा मानूस हाय म्हनं."

गणपा भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, मी काय सांगते ते ऐकायला.

"मिळत होता," मी म्हणाले. "माझ्यामुळे नाही मिळाला. लाकूड बाभळीचंच घ्या."

माप लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि आठच्या ड्युटीला गेले.