भट्टीबरोबर चाचाही उतरवला

अन्याय झाला तो आमच्या सर्व्हिस मोटारीच्या भट्टीवाल्या चाचावर. जर्मन-जपानची लढाई संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागलं त्या वर्षी, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी, पहिली गाडी सुटायच्या आत. मालकाने गाडीमागची कोळशाची भट्टी काढायला लावली. ती जमिनीला टेकते न टेकते तोच चाचाला म्हणाला, "आता तुमचं काय काम?" लढाईची सगळी वर्षं ज्याने धूर गिळून गाडी चालती ठेवली, त्याच्याशी एवढंच बोलणं.

मी त्या गाडीचा कंडक्टर. अकोले ते राजूर. पेट्रोल नव्हतं तेव्हा गाडी कोळशाच्या गॅसवर चाले. चाचा पहाटे भट्टी पेटवायचा, आगीला वारा देणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवायचा, खोकायचा, पुन्हा फिरवायचा. गॅसला जोर तो कितीसा? चढ आला की गाडी धापा टाकायची आणि निम्म्या लोकांना उतरून चालावं लागायचं. कोणी उतरायचं नि कोणी बसायचं, हे तिकीट ठरवत नसे, मालकही नाही. चाचा ठरवायचा. मागच्या पायरीवर उभा राहून ओरडायचा, "उतरा पावनं! धोतर सावरा आन् उतरा!"

एकदा पुढच्या बाकावरचा एक सावकार अडून बसला. "मी या बाकाचं तिकीट काढलंय."

"मंग बसा की बाकावर," चाचा म्हणाला. "बाक काढून रस्त्यावर ठिवतो. निवांत बसा."

गाडीभर हशा. सावकार उतरला. आणि बाजाराची पाटी घेतलेली डोंगरातली एक म्हातारी ठाकरीण त्याच्या जागी बसून चढ चढून गेली. मी सभा केल्या आहेत, समतेची पत्रकं लिहिली आहेत, वाटली आहेत. पण सावकार पायी आणि ठाकरीण बाकावर, हे मी फक्त त्या गाडीत पाहिलं. म्हणून त्या नोकरीत माझा जीव होता.

पेट्रोलवर गाडी तोच चढ एका दमात चढणार होती. कोणी उतरायची गरजच उरली नाही. त्याच सकाळी मालकाचा दुसरा हुकूम सुटला : डोंगरातली माणसं पाट्यांसकट टपावर. मी तिकिटांची पिशवी त्याच्या टेबलावर आपटली आणि नोकरी सोडतो म्हणालो. वाटलं, ड्रायव्हर खाली उतरेल, तिकीट-खिडकीवरचे बुकिंगवाले काका उठतील. कोणी हललं नाही. ड्रायव्हरने समोरच्या काचेवरची नजरही वळवली नाही. म्हणाला, "लेका, तुला तुझी पत्रकं हायेत. आमाला पोरं हायेत." गाडी वेळेवर सुटली.

तरी आभार मानायचेच आहेत. ड्रायव्हरदादा, मी नवखा असताना चालत्या गाडीत तोल जाऊन लोकांच्या मांडीवर पडायचो, तेव्हा वळण यायच्या आधी तुम्ही नुसता माझ्यासाठी हॉर्न वाजवायचात. बुकिंगवाले काका, तुमच्या फडक्यातली भाकरी मी न विचारता खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एक जास्त आणू लागलात. तुमच्यावर राग धरावा म्हणतो, पण धरवत नाही. तुम्ही शत्रू असतात तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी चाचाच्या घरी गेलो. तो ओट्यावर छाती धरून बसला होता. मी फुशारकीनेच सांगितलं, "चाचा, तुमच्यासाठी नोकरी सोडली."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मला काढलं. तुला कुनी काढलं हुतं रं? आता त्या म्हातारीला टपावरनं खाली घ्यायला गाडीत कोन उरलं?"

दुसऱ्या गाडीवाल्यांकडे मी चाचासाठी शब्द टाकला. खोकणारा माणूस नको म्हणाले. मग मी पत्रक काढलं. लोकांनी ते वाचलं, "लई बेस" म्हणाले, आणि बाजारच्या दिवशी त्यातच शेंगदाणे बांधून मिळाले. चाचा अजून ओट्यावरच आहे. सकाळी हॉर्न वाजला की उठून उभा राहतो, आणि परत बसतो.

तुम्ही त्या गाडीने जाणार असाल, तर बसण्याआधी टपाकडे बघा. वर कोणी म्हातारी असेल तर तिला खाली घ्या, आपल्या जागेवर बसवा आणि तुम्ही वर चढा. मालक विचारेल, हे काय चालवलंय? त्याला सांगा : चाचाला कामावर घ्या, तोवर खाली येत नाही.