भाच्यासाठी सापाचा केक

मी वर्ध्याला राहते आणि घरी केक करून विकते. गाड्या, बाहुल्या, फुटबॉलचं मैदान, मुलं सांगतील ते. पण भाच्याच्या सहाव्या वाढदिवसासाठी वहिनीनं फोन केला तेव्हा मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाई, त्याले साप पाह्यजे."

"कोणता साप, वहिनी?"

"तोच. परड."

परड म्हणजे घोणस. आधीच्या दिवाळीनंतर त्याच्या मोठ्या बहिणीला, माझ्या भाचीला, चावली होती ती. माझ्या भावाची नाचणगावला भाजीची वाडी आहे. रविवारी सकाळी वहिनी वांगी तोडत होती आणि भाची तिच्या मागे टोपली धरून होती. झाडाखाली पडलेलं एक वांगं उचलायला तिनं हात घातला. भाचा धुऱ्यावर, म्हणजे वाडीच्या बांधावर, बसला होता. त्यानं सगळं पाहिलं. तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, पण विष फार चढलं होतं. आठ वर्षांची होती.

त्या दिवशी आणि नंतरही माणसं काठ्या घेऊन वाडीत फिरली. साप काही सापडला नाही. भाचा रोज विचारायचा, "सापडला का?" भाऊ संध्याकाळी वाडीतून आला की दारातच हा प्रश्न. मग भावानंच संध्याकाळी उशिरा यायला सुरुवात केली.

"मी त्याले ट्रॅक्टर करून आणते, वहिनी. मोठा, लाल," मी म्हटलं.

"मी बी तेच म्हनलं. नाई म्हनते. म्हनते, मले त्याले कापाचं हाय." मग म्हणाली, "आना बाई. एवढंच मागून राह्यला तो."

मी चॉकलेटचे दोन गोल केक भाजले, त्यांचे तुकडे कापून वेटोळं लावलं, वरून तपकिरी क्रीम चढवलं. पाठीवरच्या काळसर ठिपक्यांची साखळी कशी असते ते बघायला मोबाइलवर फोटो शोधला आणि लगेच मोबाइल उलटा ठेवला. पुन्हा सरळ केला. त्याशिवाय जमणार नव्हतं. खवले चमच्याच्या टोकानं दाबून उठवले. कामात हात बसला की बाकीचं विसरायला होतं. डोक्याचा त्रिकोणी आकार नीट आला तेव्हा "छान जमलं" असं माझ्या मनात आलं, आणि मी चमचा तिथंच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पुलगावच्या स्टँडवर भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. खोका मांडीवर घेऊन मी मागे बसले. "नीट धर," एवढंच तो म्हणाला. आत काय कसं झालंय ते त्यानं विचारलं नाही.

घरात फुगे लावले होते. गल्लीतली पाचसात मुलं चकचकीत टोप्या घालून बसली होती. बाबा, म्हणजे माझे वडील, भाच्याचे आबाजी, भिंतीजवळ खुर्चीवर होते. मी खोका उघडला तर मुलं आधी ओरडली आणि मग खूश झाली. "अबे, साप हाय! एकदम खरा!" एकानं बोट लावून क्रीम चाटलं. भाचा टेबलाजवळ आला आणि वाकून बघत राहिला. वहिनीनं भिंतीला पाठ टेकली.

बाबा म्हणाले, "त्याच्यावर सुरी चालवू नका. आपल्यात नाई चालत."

"बाबा, केक हाय तो," भाऊ म्हणाला.

"मले दिसते केक हाय."

तेवढ्यात भाच्यानं सुरी उचललीही होती. मेणबत्ती लावायची राहिली, गाणंही कोणी म्हटलं नाही. पहिल्यांदा त्यानं डोकं कापलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं मान कापली, मग पुढचं वेटोळं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी सुरी खालच्या पुठ्ठ्यावर खट्ट वाजायची. टाळ्या थांबल्या. एक छोटी मुलगी रडायला लागली. भावानं त्याचा हात धरायला हात पुढे केला.

"कापू द्या त्याले," वहिनी म्हणाली. आवाज असा होता की भावाचा हात तिथंच राहिला.

सगळं कापून झाल्यावर त्यानं सुरी ठेवली आणि बोटांनी एकेक तुकडा उकलून पाहू लागला. क्रीम कोपरापर्यंत गेलं.

"आत्या, याचं विष कुठी हाय?"

"याच्यात विष नाई बेटा. हा खायाचा हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही, रडला नाही.

"मंग हा तो नोहे," म्हणाला, आणि हात धुवायला मोरीवर गेला.

मुलांना चिवडा आणि समोसे देऊन लवकर घरी पाठवलं. केकला कोणी हात लावला नाही. मी खोका आवरायला घेतला तर वहिनी म्हणाली, "राहू द्या." ती खाली बसली, केकचा पुठ्ठा पुढ्यात ओढला आणि खायला लागली. मुलगी गेल्यापासून तिनं गोडाला हात लावला नव्हता. एक तुकडा झाला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तोंडात घास असतानाच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती चावत होती. शेवटी भावानं पुठ्ठा उचलून नेला. बाबा केव्हाच अंगणात निघून गेले होते. मी टोप्या गोळा करत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

त्यानंतरच्या वाढदिवसाला भाचा म्हणाला, केक नको. वहिनीनं शिरा केला. तो आता शाळेत नीट जातो, अभ्यास करतो, पण वाडीत पाय ठेवत नाही. भाऊ कधी रागावतो, कधी सोडून देतो.

वहिनीला मात्र जावंच लागतं. भाजी तोडली नाही तर बाजारात काय न्यायचं? गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले होते. प्रत्येक झाडाखाली हात घालण्याआधी ती काठीनं झाड झोडपते, दोन्ही बाजूंनी. फांद्या मोडतात, वांग्याची जांभळी फुलं झडून मातीत पडतात. पलीकडच्या ओळीत भाऊ पाणी सोडत होता. त्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला.