ब्लॉक गार होईपर्यंत

सव्वीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या हातात कुणी चिंधी दिली आणि पुसायला बसवलं, तर त्याला राग येणारच. सावकाशला आला. त्याचं खरं नाव डेपोच्या रजिस्टरात असेल, पण उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला आरशातून बघत ‘सावकाश, सावकाश’ म्हणायची त्याला इतकी सवय, की सगळा डेपो त्याला त्याच नावानं हाक मारायचा. गाडीही तशीच चालवायचा. वेळेवर पोचायचा, पण कुणाच्या मांडीवरची पिशवी कधी सांडली नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. जवळचं चष्म्यानं दिसायचं, लांबचं मात्र धूसर होत चाललं, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून टाकलं की या माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. डेपोच्या साहेबांनी दोन वाटा ठेवल्या. एक तर फाटकावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, नाहीतर इंजिन विभागात सहा महिने काम शिकून परीक्षा द्यायची आणि पास झालं तर निवृत्तीपर्यंत तिथंच राहायचं. ज्या गाड्या आपण चालवल्या त्या दुसरा घेऊन जातोय आणि आपण वहीत नंबर लिहितोय, हे त्याला सोसणारं नव्हतं. त्यानं इंजिन विभाग मागून घेतला. आता मला इंजिन कोण शिकवणार, असा थोडा तोराही होताच. नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर रुसलाय ते तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा.

शिकवणारी निघाली त्याच्या मुलीच्या वयाची. विभागात लहानथोर सगळे तिला बाई म्हणायचे. इंजिन झिजलं की त्याचा ब्लॉक, म्हणजे सगळे सिलिंडर ज्यात असतात ते लोखंडी धूड, तिच्या मशीनवर चढायचा. झिजून वेडीवाकडी झालेली भोकं ती किंचित मोठी कापून पुन्हा गोल आणि सरळ करायची, मग त्यात नवे पिस्टन बसायचे. पहिला आठवडा तिनं सावकाशला दुसरं काही शिकवलंच नाही. ब्लॉक पुसा, मापाची हत्यारं पुसा, टेबल पुसा. तो घरी जाऊन बायकोसमोर चरफडायचा. बायको म्हणायची, घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाहीत, तिथं तरी शिका.

दुसऱ्या आठवड्यात हातात माप आलं. बाईनं सांगितलं, भोक कधी सारखं झिजत नाही. वर एक, मध्ये एक, खाली तिसरंच. म्हणून प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजायचा. सहा सिलिंडर, कागदावर छत्तीस खाने. सावकाशनं पहिले सतरा-अठरा खाने इमानदारीत भरले. पुढं त्याला कंटाळा आला, अंदाजही आला होता, मग त्यानं दिले आकडे ठोकून. बाईनं कागद घेतला, गुपचूप चौथा सिलिंडर मोजला आणि कागद परत त्याच्या हातात ठेवला.

‘काका, यातली निम्मी मापं तुम्ही मोजलेली नाहीत,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला वाटलेली आहेत.’

पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कान लाल झाले. चोरी पकडली गेली की माणूस एक तर भांडतो नाहीतर सुधारतो, आणि हा गडी आधी मनातल्या मनात भरपूर भांडला. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी मात्र छत्तीसच्या छत्तीस खाने मोजून भरले आणि बाईनं नुसती मान हलवली, तर त्याला कोण आनंद झाला!

खरं सांगायचं तर त्यानंतर त्याला त्या कामाचा नादच लागला. कापणाऱ्या पात्याचा आवाज जरा घोगरा झाला की बाईच्या आधी त्याचा हात बटणाकडे जायचा. इथं त्याचा कान कामाला आला. कापून झाल्यावर भोकाच्या भिंतीवर बारीक दगड फिरवून शेवटचा हात मारायचा असतो, त्याला होनिंग म्हणतात. त्यात तो इतका रमायचा की जेवणाची सुट्टी विसरायचा. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट किती महत्त्वाची, ते त्याला आता बोटांना कळल्यासारखं कळत होतं. फट जास्त झाली तर इंजिन तेल पितं. कमी झाली तर चढावर पिस्टन तापून फुगतो, भिंतीत आवळून बसतो आणि गाडी जागच्या जागी मरते.

परीक्षेला मुख्य कचेरीतून परीक्षक आले. भला माणूस, पण घाईत. त्यांना दुपारची गाडी पकडायची होती आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. सावकाशनं सहाही भोकं कापली, होनिंग केलं, भिंतींना चिकटलेला कीस निघावा म्हणून ब्लॉक गरम साबणाच्या पाण्यानं धुतला, पुसला, तेल फिरवलं. नेमकं तेव्हाच बाईला साहेबांनी आत बोलावलं. परीक्षक म्हणाले, चला, उरका, मोजा. त्यानं मोजलं. छत्तीसही मापं अगदी हवी तशी आली. परीक्षकांनी मोठ्या अक्षरात ‘उत्तीर्ण’ लिहिलं, सही ठोकली आणि पळाले. त्या संध्याकाळी बायकोनं अख्ख्या चाळीला सांगितलं. जिना चढता-उतरता दहा जणांनी त्याचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पीत बसला होता. बायको एका बरणीच्या पत्र्याच्या झाकणाशी झटत होती. झाकण हलेना, तसं तिनं ते गरम पाण्याखाली धरलं आणि पुन्हा फिरवलं. झाकण अलगद निघालं. बघता बघता सावकाशच्या हातातला कप तसाच राहिला. लोखंड तापलं की पसरतं. काल ब्लॉक गरम पाण्यानं धुतला, आणि गरम असतानाच मोजला. म्हणजे काल भोकं जेवढी दिसली, तेवढी ती नव्हतीच.

कामावर तो अर्धा तास आधी पोचला. ब्लॉक रात्रभरात गार झाला होता. त्यानं पुसलं, मोजलं, पुन्हा मोजलं. सहाही भोकं मिलिमीटरच्या दोन-दोन शतांशानं लहान. माप कागदावर पाहिलं तर काहीच नाही, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण पिस्टनला जी फट मिळायची ती तेवढ्यानं कमी झाली होती.

बाई आली. त्यानं सगळं सांगितलं. तिनं स्वतः दोन भोकं मोजली आणि खाली बसली. ती हळूच म्हणाली, चूक माझीही आहे, मी तिथं थांबायला हवं होतं. भोकं लहानच आहेत ना, मोठी तर झाली नाहीत. अजून दगड फिरवला की झालं, तासाभराचं काम. परीक्षकांची सही झालेली आहे. कुणाला कळायचंही कारण नाही. नियमावर बोट ठेवणारी बाई असं बोलली, ती निव्वळ त्याच्या मायेपोटी. परीक्षा रद्द झाली तर तो फाटकावर जाणार, हे तिला ठाऊक होतं.

सावकाशनं कागदावरच्या सहीकडे बघितलं. मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. बायकोचा कालचा चेहराही त्याला दिसला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘सव्वीस वर्षांत मी एकदाही या विभागात येऊन विचारलं नाही, की इंजिन नीट बांधलंय ना. कागदावर सही बघायचो, मागं पन्नास माणसं बसवायचो आणि घाटाला लागायचो.’

बाईनं कागद त्याच्या हातून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि साहेबांना सांगायला ती स्वतः गेली.

परीक्षा रद्द झाली. पुढची तीन महिन्यांनी, तोवर फाटक. बायकोनं ऐकलं तेव्हा ती आधी भडकली, मग रडली. चाळीला आता काय तोंड दाखवू म्हणाली, आणि सकाळी कुणी विचारायच्या आतच जिन्यात उभी राहून तिनं सगळ्यांना जे झालं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. सावकाश फाटकावर बसला. ते तीन महिने त्याला जड गेले, उगाच कशाला खोटं बोला. ओळखीचे ड्रायव्हर काचेतून हात करायचे आणि त्याला मान वर करावीशी वाटायची नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन इंजिन विभागात जायचा, दहा मिनिटांत जेवण आटपायचा आणि उरलेला वेळ बाईच्या हाताखाली मोजायचा.

पुन्हा तेच परीक्षक आले. मागच्या प्रकरणामुळं त्यांनाही वर चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या होत्या, त्यामुळं चेहरा आधीच आंबट. सावकाशनं काम केलं, ब्लॉक धुतला, पुसला. परीक्षकांनी पेन काढलं. तेवढ्यात सावकाशनं ब्लॉकवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

‘साहेब, आज मोजता येणार नाही,’ तो म्हणाला. ‘तुम्ही उद्या सकाळी या.’

परीक्षा देणारा परीक्षा घेणाऱ्याला परत पाठवतो, असं तिथं कुणी पाहिलं नव्हतं. परीक्षक म्हणाले, माझी गाडी आहे. सावकाश म्हणाला, असू दे. परीक्षक म्हणाले, मी आज शेरा दिला नाही तर तुम्ही पुन्हा फाटकावर. सावकाश म्हणाला, बसतो. आवाज चढवला नाही, पण हातही उचलला नाही. बाईनं पाठ फिरवली आणि उगीचच हत्यारांचा खण आवरायला घेतला, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते.

परीक्षकांनी पेन खिशात घातलं आणि ते निघून गेले. आता हे काही परत येत नाहीत, असं सगळ्यांनी धरलं.

सकाळी आठला ते दारात उभे होते. रात्र कुठल्यातरी लॉजवर काढलेली, शर्ट कालचाच. ते सरळ ब्लॉकपाशी गेले, आपला तळहात त्यावर ठेवला आणि सावकाशकडे बघितलं.

‘गार आहे,’ ते म्हणाले. ‘मोजा आता.’