पुरवणी जबाब

माझे कान जायला लागले आहेत हे मला पहिल्यांदा ट्रँगलमुळे कळलं. सळई वाकवून केलेलं ते तिकोनी वाद्य शाळेच्या बँडमध्ये सगळ्यात लहान पोराकडे असतं. एका सरावात मी त्या पोरावर ओरडलो, "अरे वाजव की! नुसता उभा काय राहिलास?" पोरगं घाबरून माझ्याकडे बघायला लागलं. त्याचा हात हलत होता. सळई थरथरत होती. शेजारच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "हां, आता बरोबर," असं म्हणून मी पुढच्या रांगेकडे सरकलो.

मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी बँड शिकवायचो. त्याआधी बरीच वर्षं चुलत्याच्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. डाव्या कानाशी बास ड्रम, मागे जनरेटरच्या गाडीवर कर्णे, आणि वराती तासन्‌तास चालायच्या. पुढे डीजे आले आणि चुलत्याने बँडचे डगले विकून टाकले. मला शाळेने तासिकेवर घेतलं. कान मात्र त्या वरातींतच गेले असावेत, हळूहळू, मला न सांगता.

बायकोच्या लक्षात सगळ्यात आधी आलं. टीव्हीचा आवाज मी वाढवायचो, ती कमी करायची. एकदा कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी मी शेजारी पेपर वाचत बसलेला. ती बाहेरून पळत आली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "उद्या नगरला जायचं. कान दाखवायला."

दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी काचेतून तपासणाऱ्या बाईंचा चेहरा बघून अंदाजाने बटण दाबायला लागलो. बाईंनी ते ओळखलं आणि त्या पाठ फिरवून बसल्या. नंतर डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. म्हणाले, "बारीक आवाज गेलेत. शिट्टी, हॉर्न, पाखरं, लहान मुलांचं बोलणं. जाड आवाज अजून आहेत. मशीन लावा, आणि ढोलताशापासून लांब राहा. काय काम करता?"

"शाळेत आहे," मी म्हणालो.

येताना एसटीत बायको म्हणाली, "लावून टाका ना मशीन."

"बँडमास्तराच्या कानात मशीन? दुसऱ्या दिवशी दुसरा मास्तर आणतील."

घरी आल्यावर तिने तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

त्यानंतर मी डोळ्यांनी ऐकायला शिकलो. बासरी वाजवणाऱ्या मुलींची बोटं बघायचो. साइड ड्रमवाल्यांच्या काठ्या एकदम उचलल्या जातात का ते बघायचो. बास ड्रम तेवढा मला ऐकू यायचा, म्हणजे खरं तर पोटात जाणवायचा. तो पोटात बसत होता तोवर माझी चाल चुकत नव्हती. म्हणून मी रांगा बदलल्या. बास ड्रम मधल्या रांगेत असायचा, तो पहिल्या रांगेत उजव्या टोकाला आणला, माझ्या पाठीशी. पीटीच्या सरांनी विचारलं, "अहो, एवढा मोठा ड्रम कडेला कशाला? मधे बरा दिसतो."

"पुढं असला की पथक भारदस्त दिसतं," मी म्हणालो.

तो ड्रम नववीतल्या एका मुलीकडे होता. वर्गात सगळ्यात उंच. बाप गायी पाळायचा, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायचा. ड्रमच्या पट्ट्याने तिच्या खांद्याला वळ यायचे. जानेवारीत सराव वाढला तेव्हा तिच्या तळहाताला फोड आले. चिंधी बांधून आली, पण काठी सोडली नाही. मी म्हटलं, "दोन दिवस दुसऱ्याला देऊ." तर म्हणाली, "नको सर. त्याला तुमी कुठं वळता ते कळत न्हाई." मला वाटलं, पोरीला हुशारी दाखवायचीय.

प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी शाळेतून निघून हमरस्त्याच्या डाव्या कडेने जायची आणि वेशीपाशी उजवीकडे वळून गावात शिरायची. मी सगळ्यांच्या पुढे, हातात पितळी मुठीची काठी. पाठीमागे बँड, त्यामागे झेंडे घेतलेली पोरं, शेवटी शिट्टी घेऊन पीटीचे सर. नियम ठरलेला होता. मागून वाहन आलं की सरांनी शिट्टी मारायची, शिट्टी झाली की सगळ्यांनी जागेवर थांबायचं.

थंडी होती. उसाचे दिवस असल्यामुळे रस्त्याला ट्रॅक्टरची ये-जा चालूच होती; त्यांची घरघर मला ड्रमपासून वेगळी कळत नव्हती. वेस आली. मी काठी उजवीकडे केली आणि वळलो. तेवढ्यात पोटात बास ड्रमचे दोन ठोके चुकीच्या जागी बसले. धाड धाड, मधे जागाच नाही. एवढ्या सरावानंतर ऐन दिवशी चुकली म्हणून मला राग आला. मागे न बघता मी काठी आणखी उंच केली आणि रस्ता ओलांडत राहिलो. मग ठोका थांबला.

ठोका का थांबला हे बघायला मी वळलो. माझ्या आणि मुलांच्या मधे उसाने भरलेला ट्रॅक्टर तिरपा उभा होता. ब्रेक दाबल्यावर मागची ट्रॉली डावीकडे, पथकाच्या बाजूला फिरली होती. ट्रॉलीला वळसा घालून मी पलीकडे गेलो. मुलं ओरडत होती, सगळ्यांची तोंडं उघडी होती. ड्रम फुटून खड्ड्यात पडला होता. मुलगी रस्त्यावर बसली होती आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होती. बुटाच्या पुढच्या भागावर ट्रॉलीचं चाक होतं.

तिला पीटीच्या सरांनी जीपमध्ये घातलं. मीही बसलो. नगरला पोचेपर्यंत ती शुद्धीवर होती. काहीतरी बोलत होती, मला ते ऐकू आलं नाही. मी मान हलवत राहिलो. संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या पायाची बोटं आणि पुढचा भाग काढला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात माझा जबाब झाला. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बीडकडचा होता, माझ्याच वयाचा. कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मला बघून उठला आणि जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "सर, मी हॉर्न दिला हुता ओ. दोनदा दिला. तुमी एकदम पुढ्यात आलात, तुमाला वाचवाया ब्रेक मारला. सांगा की यांना."

हवालदारांनी त्याला खाली बसवलं आणि मला विचारलं, "हॉर्न वाजवला होता का?"

मी फरशीकडे बघत म्हणालो, "मला हॉर्नचा आवाज आला नाही."

त्यांनी लिहिलं, 'हॉर्नचा आवाज आला नाही.' माझा 'मला' त्यांनी गाळला. मी वाचलं, आणि खाली सही केली.

खोटं काहीच बोललो नव्हतो. घरी येईपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होतो. पीटीच्या सरांनी शिट्टी मारल्याचं सांगितलं होतं, पण बँडच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. संस्थेच्या लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सर, तुम्ही थोडक्यात वाचलात," म्हणाले. गावाने ड्रायव्हरला शिव्या दिल्या. तो आत गेला.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "जबाबात काय सांगितलं?"

"खरं तेच."

"कानाचं सांगितलं?"

मी जेवत राहिलो. ती माझ्या समोर येऊन बसली, म्हणजे मला तिचे ओठ दिसावेत. म्हणाली, "मग ते खरं कसं?"

तीन आठवडे मी शाळेत गेलो, हजेरी लावली, बँडच्या खोलीला कुलूप घातलं आणि ग्रंथालयात बसून राहिलो. मग एका सकाळी डेअरीवर गेलो. मुलीचा बाप दुधाच्या रांगेत किटली घेऊन उभा होता. त्याचं दूध घालून होईपर्यंत थांबलो. बाहेर चिंचेखाली त्याला सगळं सांगितलं. कानाचं, कपाटातल्या कागदाचं, ड्रम कडेला का आणला त्याचं. माझं बोलून झाल्यावर तो रिकामी किटली हलवत राहिला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाला, "पोरगी रोज रडती. म्हनती, शिट्टी ऐकली हुती, मी थांबाया पायजे हुतं. माझीच चूक. हे तुमी मला नगा सांगू गुरुजी. तिला सांगा."

त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मुलगी ओसरीत कॉटवर बसली होती, पायावर चादर. आई आत निघून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. मी जे बापाला सांगितलं तेच परत सांगितलं. या वेळी जास्त अडखळलो.

ती माझ्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"आमाला म्हाईत हुतं सर."

"काय माहीत होतं?"

"तुमाला ऐकू येत न्हाई ते. समद्या बँडलाच म्हाईत हुतं. ट्रँगलवाला मुद्दाम हात लांब करून वाजवायचा. बासरीवाल्या बोटं वर उचलायच्या. आमी कुनाला सांगायचं न्हाई असं ठरवलं हुतं. तुमाला काढून टाकतील म्हनून."

तीच पुढे बोलली.

"शिट्टी झाली. हॉर्न पन झाला. पोरं थांबली. तुमी एकटेच चालला हुता. मी हाका मारल्या. मग म्हनलं ड्रम तरी कळंल, म्हनून दोनदा जोरात मारला आन्‌ तुमच्या मागं आले."

ते दोन ठोके. माझा राग. उंच केलेली काठी. बापाने पाणी आणून दिलं. ते हातातच राहिलं.

"चूक तुझी नव्हती," एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "व्हय सर." पण ते ऐकून तिला हलकं वाटलं असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने चादर नीट ओढून घेतली आणि भिंतीकडे बघायला लागली. मी निघालो.

त्याच दुपारी साड्यांखालचा कागद काढून पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "सर, आता कशाला गुंता वाढवता? तुमचीच नोकरी जाईल." मी म्हटलं, "लिहून घ्या." ते दोन दिवस टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पुरवणी जबाब घेतला. मला ऐकू येत नाही, शिट्टी आणि हॉर्न माझ्यापर्यंत पोचले नाहीत, मी न बघता रस्त्यात वळलो, ड्रायव्हरने मला वाचवायला ब्रेक लावला. या वेळी 'मला' गाळला नाही ना, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

शाळेने मला दुसऱ्या महिन्यात थांबवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर वेगळं काही बघता आलं असतं." कदाचित खरं असेल. बँड बंद झाला. ज्यांनी माझं झाकून ठेवलं त्या पोरांना घरी आणि शाळेत बोलणी बसली, 'तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?' ट्रँगलवाल्या पोराची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, "बारक्या पोरांवर केवढं वझं टाकलं तुमी."

आता मी मिरजगावात एका भुसार दुकानात माल मोजायला असतो. कानात मशीन आहे. मोटारींचे हॉर्न पत्र्यावर घासल्यासारखे ऐकू येतात. मुलगी कर्जतला कॉलेजला जाते. बुटात भर घालून चालते, थोडी लंगडते. एसटी थांब्यावर कधी दिसते. मान हलवते, मी हलवतो. आम्ही बोलत नाही.

ड्रायव्हरचा खटला अजून चालू आहे. पुरवणी जबाबाने तो सुटला नाही. ट्रॉलीत माल जास्त होता, मागे दिवे नव्हते, ते सगळं त्याच्यावर आहेच. जामीन मिळेपर्यंत त्याचा तो हंगाम गेला आणि पुढच्या वर्षी कुणी त्याला ट्रॅक्टर दिला नाही. तारखेला तो ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाडीतून येतो, मी एसटीने. मागच्या तारखेला कोर्टाच्या पायरीवर आम्ही शेजारी बसलो होतो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सर, तुमी बोललात, लई उपकार. पन त्याच दिवशी का न्हाई बोललात?"

भीती वाटली, असं मी म्हणालो.

"मला पन वाटत हुती," तो म्हणाला. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला, टोपी नीट केली आणि आत गेला.