कोलाड नाक्यावरचा दंड

मोबाईलवर दंडाचा मेसेज आला, सोबत कॅमेऱ्याने टिपलेला माझ्याच गाडीचा फोटो, आणि मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कोलाड नाका आठवला. सातवीत शाळा सोडलेला मी विशीत आल्यावर पेणच्या एका काकांच्या टेम्पोवर गाडी शिकत होतो. गणपतीच्या मूर्ती पेंढ्यात बसवून रोह्याला बैलगाडीच्या चालीनं न्यायच्या, म्हणून रिकामा टेम्पो परत आणताना ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आवरला नाही. नाक्यावर हवालदाराची शिट्टी वाजली. त्याच आठवड्यात माझ्या पासपोर्टची पोलीस चौकशी होती. नावावर केस झाली की आखातातली ठरलेली नोकरी गेलीच. हवालदार चालत येईपर्यंत काका म्हणाले, "सरक इकडं, नि तोंड उघडू नको." मग स्टिअरिंगवर बसून त्यांनीच आवाज चढवला, "दंड दरसाल वाढवताय सायेब, खड्डे कोन बुजवनार?" हवालदार इतका चिडला की त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी दोनदा वेगासाठी पकडले गेलेल्या काकांचं लायसन्स ऐन हंगामात तीन महिने जमा झालं. मी आखाताला निघालो तेव्हा ते मला पोचवायला एस्टीनं आले. आभार सुट्टीवर आल्यावर मानू, असं मी ठरवलं होतं; पहिली सुट्टी मिळाली तेव्हा काका राहिले नव्हते.