उरलेला वायसर

जुन्या वॉशिंग मशीनचा गिअरबॉक्स उघडला आणि साकळलेल्या ग्रीसचा कुबट वास नाकात गेला. नागपूरच्या याच अंगणात बाबांनी तो एकदा खोलून जोडला होता. सगळं बसवल्यावर एक वायसर उरला. बाबांनी तो गुपचूप शर्टाच्या खिशात टाकला. पहिल्या धुण्याला आईने नेमका तोच मळका शर्ट काढून घेऊन मशीनमध्ये टाकला. मशीन खडखडू लागली.

"काय वाजून राहिलं हो आत?"

"गिअर बसून राहिले," बाबा म्हणाले.

आईने शर्ट पिळला आणि ओला वायसर त्यांच्या चहाच्या बशीत ठेवला.

परवा तो तिच्या शिवणाच्या डब्यात सापडला. आज मी तो जागेवर बसवला. मशीन बिनआवाज फिरली. वाजली असती, तरी विचारायला घरात कुणी नव्हतं.